वाढत्या अंगाचं माप

शाळेचं नवं वर्ष सुरू होताना पोरांची तयारी कशी करून घ्यावी, याबद्दल शहाण्या माणसांनी पुष्कळ सांगून ठेवलंय. पहाटे उठवावं, पाढे म्हणून घ्यावेत, ब्राह्मीचा रस पाजावा. आमच्या खैरवाडीत यातलं कुणी काही केल्याचं ऐकिवात नाही. पहाटे उठलेलं पोरगं गोठ्यात लागायचं, पाढे म्हणून घेणाऱ्याला स्वतःला यायला लागतात, आणि रस म्हटला की आम्हाला उसाचाच ठाऊक. आमच्याकडं पोराचं वर्ष कसं जाणार हे ठरायचं एकाच गोष्टीवर. गनीभाई टेलरनं त्याच्या चड्डीला खाली किती बोटं दुमड सोडली?

खैरवाडी जामखेडपासून चार कोस आत. एस.टी. फाट्यावर सोडून पळ काढायची, तिथून पुढं आपले पाय. गावात चौथीपर्यंत शाळा, तिला एक खोली आणि सहादेव गुरुजी. आणि शाळेच्या अलीकडं, लिंबाखालच्या आपल्या घराच्या ओट्यावर गनीभाईचं मशीन. वैशाख लागला की गनीभाई मशीनवरचं फडकं काढून झटकायचा, चाकाला तेलाचे दोन थेंब द्यायचा आणि बायका पोरांची बखोटी धरून ओट्यापुढं रांग लावायच्या. खैरवाडीचं शैक्षणिक वर्ष त्या दिवशी सुरू व्हायचं. शाळा मागाहून उघडायची, तिच्या सवडीनं.

गनीभाई काडीसारखा माणूस. कानामागं खडू, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिथं दोरा, आणि गळ्यात टेप. ही टेप केवळ शोभेची. गनीभाई टेपनं माप घेत नसे. तो पोराला समोर उभं करायचा आणि आधी त्याची पावलं बघायचा. मग मनगट दाबायचा. मग बापाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा. बाप बुटका निघाला तर आईकडं वळून विचारायचा, “मामा केवढा हाय?” बैलबाजारात सुद्धा एवढी चौकशी होत नाही.

“आरं, पर टेप लाव की!” कुणी तरी म्हणायचं.

“टेप आजचं माप सांगती,” गनीभाई म्हणायचा. “आजचं माप उद्या शिळं. म्या तुमच्या पोराचं सातवीचं माप घेतो.”

गावात सातवी नव्हती, पण सातवीचं माप होतं. 

कारण सगळ्यांना कपडे हवे असायचे ते वाढत्या अंगाचे. एकदा कापड घेतलं की ते चार वर्षं पुरलं पाहिजे. पहिल्या वर्षी चड्डी पोटऱ्यांवर लोळायची. दुसऱ्या वर्षी गुडघा दिसू लागायचा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती अंगाला नीट बसायची. नेमकं त्याच सुमाराला पोरगं शाळेतून काढून शेरडांमागं धाडलेलं असायचं. त्यामुळं अंगाबरोबर बसणारा कपडा घालून वर्गात बसलेलं पोरगं खैरवाडीनं तोवर पाहिलेलं नव्हतं. पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. चड्डी ट्रंकेत शाबूत होती ना, मग झालं.

गनीभाईवर गावाचा एकच आळ होता. तो कापड मारतो. दोन हात कापड द्यावं, तर दीड हाताचा कपडा हातात पडायचा. विचारलं की गनीभाई छातीवर हात ठेवून सांगायचा, “बोटभर चिंधी उरली असंल तर माझी बानू मला अब्बा म्हनायची न्हाई!” आणि तेवढ्यात आतून त्याची लेक बानू हाक मारायची, “अब्बा, अम्मी जेवायला बोलावती!” मग कोण काय बोलणार?

आता सत्तर सालची गोष्ट. त्या जूनपासून शाळेत गणवेश सक्तीचा झाला. मुलग्यांना खाकी चड्डी, पांढरा सदरा. मुलींना निळा परकर, पांढरं पोलकं. ओट्यापुढची रांग लिंबाला वळसा घालून विहिरीपर्यंत गेली. रांगेत बायडाबाई होती. बायडाबाई म्हणजे आमच्या गावचा भोंगा. तिनं शेजारच्या राहीबाईच्या पोराची शिवून झालेली चड्डी उलटी करून पाहिली, दुमडीवर बोटं ठेवली आणि तिचा आवाज वेशीपर्यंत गेला.

“गनीभाऽई! राहीच्या पोराला चार बोटं आन माझ्या कानिफनाथाला दोनच? माझं पोरगं काय खुंटलंय व्हय रं?”

“बायडाक्का, कापडच तेवढं हुतं.”

“कापड लई हुतं. तू मारलंस.”

“बोटभर चिंधी उरली असंल तर...”

“ऱ्हाऊ दे तुजी चिंधी. चार कर.”

“केली असती. पर पोराच्या बापाचं पाऊल बघितलं का? कोंबडीचं त्याच्यापरीस मोठं आसतंय.”

“बापावर जाऊ नगंस! माझं पोरगं माझ्या भावावर जानार हाय. माझा भाऊ घरात वाकून चालतो.”

भाऊ वाकून चालायचा तो कमरेत उसण भरल्यामुळं, हे सगळ्या रांगेला ठाऊक होतं. पण बायडाबाईनं घरी जाऊन आणखी हातभर खाकी आणली आणि पाच बोटं दुमड घालून घेतली. दुसऱ्या दिवशी राहीबाई हजर. तिला सहा पाहिजेत. तिसऱ्या दिवशी बायडाबाई सातावर गेली. ज्यांना चार मिळाली होती ते हिरमुसले, ज्यांना दोन मिळाली होती ते गनीभाईशी बोलेनात. मृग निघेपर्यंत खैरवाडीत आठ बोटांखाली चड्डी उरली नाही. दुमड आठ बोटं, तर लांबी-रुंदी त्या बेतानं. काही पोरांच्या चड्डीत त्यांचे धाकटे भाऊ मावले असते.

शाळा उघडली आणि सहादेव गुरुजींनी कवायत घेतली. “एऽक” म्हटल्याबरोबर सगळ्या पोरांनी हात वर केले आणि सगळ्या चड्ड्या खाली आल्या. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. त्यानंतर खैरवाडीच्या शाळेत एकहाती कवायत सुरू झाली. एक हात वर, दुसरा चड्डीला. कुणी चड्डी करदोड्यात खोचायचं, कुणी सुतळीनं आवळायचं. धावण्याच्या शर्यतीत जो पहिला यायचा तो सगळ्यात वेगवान नव्हे, त्याची सुतळी पक्की.

पण आयांच्या चेहऱ्यावरचं समाधान काय वर्णावं! पोरगं चड्डीत पाय अडकून तोंडावर पडलं की आई शेजारणीला म्हणायची, “आठ बोटं हायेत न्हवं.”

मग दुष्काळ आला. एकाहत्तर साली पाऊस रुसला आणि बहात्तर साली त्यानं वाटच बदलली. गाव खडी फोडायला गेलं. कुणाच्या अंगावर नवं कापड चढेना. गनीभाईच्या मशीनवर फक्त गोणपाटाच्या पिशव्या शिवल्या जात, सरकार वाटत असलेलं सुकडीचं पीठ आणायला. पोरांची वाढही त्या दोन-तीन वर्षांत अधूनमधून, सवडीनंच झाली. गनीभाईचा अंदाज आठ बोटांचा. सुकडीवर चार-पाच बोटंच भागली. त्याचा अंदाज चुकला नव्हता. पावलं, मनगटं, मामा, सगळं त्यानं पाहिलं होतं. आभाळाकडं तेवढं पाहिलं नव्हतं.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात एका सकाळी सहादेव गुरुजी ओट्यावर येऊन बसले.

“गनीभाई, गावाला पाचवीचा वर्ग मिळायची शक्यता आहे.”

“मिळू द्या की.”

“शाळा उघडायच्या दिवशी तपासणीला दिपोटीसाहेब येणार आहेत. पाचवीला वीस मुलं दाखवली, तीही गणवेशात, तर वर्ग मंजूर. नाही तर गेला. मी आज मोजली. चार.”

“यंदा चौथी पास किती?”

“अकरा. पण सात जण कामाला चाललेत. आणि आधी चौथी होऊन घरी बसलेली वेगळीच.” गुरुजींनी उंबऱ्याकडं पाहिलं. “तुझी बानू पहिली आली आहे.”

“म्हायती हाय.”

“मग तिला जामखेडच्या शाळेत धाडशील?”

“चार कोस? पोरीच्या जातीला? रोजचं?”

“मग ती घरी बसेल.”

“बसंल की. काज-बटनाला हात हुईल.”

बानू उंबऱ्यावर बसून सदऱ्याला बटण लावत होती. वय दहा-अकरा. तिनं दोरा दातानं तोडला आणि विचारलं, “अब्बा, समद्यांच्या कपड्याला आठ आठ बोटं सोडली. माझ्या परकराला का न्हाई सोडली?”

गनीभाईनं मान वळवून पाहिलं. बानूचा परकर पोटऱ्यांच्याही वर गेला होता आणि कमरेला उसवला होता.

“कापड कमी पडलं आसंल,” तो म्हणाला. हे वाक्य त्यानं आजवर इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की लेकीला म्हणताना ते त्याला ओळखीचं वाटलं.

“न्हाई. तुमी अम्मीला म्हनला हुता, चौथीपत्तूरच तर घालायचाय, बेताचाच शिवतो. आन टेप लावून माप घेतलं हुतं.”

खरंच होतं. अख्ख्या खैरवाडीत टेप लावून माप घेतलेलं एकच लेकरू होतं, आणि ते गनीभाईचं. दुसऱ्यांच्या पोरांची त्यानं सातवीची मापं घेतली आणि आपल्या पोरीचं मात्र त्या दिवसाचं.

सहादेव गुरुजी उठले. मास्तर मंडळींना केव्हा उठावं ते बरोबर कळतं.

दुसऱ्या दिवशी गनीभाई टेप गळ्यात अडकवून निघाला, तो पहिला कारभारीच्या दारात. कारभारी नावाचाच कारभारी, घरातला कारभार त्याची बायको मालनबाई बघायची. त्याचा मुलगा गहिनीनाथ दोन वर्षांपूर्वी चौथी पास होऊन शेरडं राखत होता.

“कारभारी, गहिनीनाथाला पाचवीला घाल.”

“शिकून त्यो काय मामलेदार हुनार हाय?”

“झाला तर?”

“झाला तर शेरडं कोन राखंल? मामलेदार?”

या प्रश्नाला आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही. गनीभाईनं विद्येचं माहात्म्य सांगून पाहिलं, गुरुजींनी शिकवलेली दोन वाक्यं म्हणून पाहिली. कारभारीनं तंबाखू मळत ती ऐकली आणि चुना लावून सोडून दिली. गनीभाई उठायला लागला. उठता उठता त्याला काही तरी आठवलं.

“कारभारी, म्या शिवलेली ती चड्डी कुठं हाय?”

“टरंकंत. का? राहिलेलं कापड बी मारायचं म्हनतोस?”

“काढ जरा.”

चड्डी आली. गहिनीनाथाला शेरडांतून हाक मारून आणलं, चड्डी चढवली. आणि काय चमत्कार! ना सुतळी, ना करदोडा. गुडघ्याच्या वर नेमकी, कमरेला नेमकी, बुडाला नेमकी. गनीभाई त्या पोराभोवती एक फेरी मारून आला. त्याचे डोळे भरून आले. कारागिराला आपलं काम तीन वर्षांनी बघायला मिळालं होतं.

“बघ कारभारी,” तो म्हणाला. “तीन साल ही चड्डी पोराची वाट बघत बसली. सुतळीनं आवळून घेतलं, लोकांचं हसनं सोसलं. आज कुठं अंगाला आली. आन आजच तू तिला टरंकंत घालून कसरीला देनार?”

कारभारीचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. “मग घालंल की शेरडांमागं.”

“बाभळीत? ही खाकी? पयल्या दिवशी बूड फाटंल. शाळंत काय हाय? बसायचं. नुसतं बसून चड्डीला काय हुत न्हाई.”

आतून मालनबाईचा आवाज आला, “खरंच हाय त्येंचं. लोंबत हुती तवा शाळंत घातली, अन् आता अंगाला आली तर बाभळीला टांगता व्हय? कापड काय फुकाट आल्तं?”

पोराचं डोकं वाया जातंय, याचं कारभारीला कधी दुःख झालं नव्हतं. पण कापड वाया जातंय म्हटल्यावर त्याच्या काळजात कळ उठली. त्यानं चड्डीची शिवण चिमटीत धरून ओढून पाहिली.

“बरं,” तो म्हणाला. “जाऊ दे शाळंत. पर चड्डी फाटंस्तवर. फाटली की शाळा बंद.”

“मान्य,” गनीभाई म्हणाला. चड्डी फाटू द्यायची की नाही, हे शेवटी टेलरच्याच हातात होतं.

त्या दिवसापासून त्याला मंत्र सापडला. घरोघर जायचं, शिक्षणाचं नाव काढायचं नाही, ट्रंक उघडायला लावायची. जिथं ज्ञानाचा दिवा पेटत नव्हता तिथं चड्डीनं उजेड पाडला. शहाण्णव कुळी असो की शेरडं राखणारा, न वापरलेलं कापड बघून सगळ्यांच्या पोटात सारखंच तुटायचं. घरातली माणसं एकत्र बसायची, पोराला घालून बघायची, आणि ठराव व्हायचा: फाटंस्तवर शाळा.

बायडाबाईकडं जरा निराळं झालं. तिचा कानिफनाथ आधीच्या वर्षी चौथी होऊन घरी बसला होता, पण चड्डी त्याला अजून सैलच. तो मामावर गेला नाही, बापावरच गेला.

“अजून पाच बोटं आत हायेत,” ती कुरकुरली.

“मग चांगलंच की,” गनीभाई म्हणाला. “बाकीच्यांची तीनच उरली. तुज्या पोराला सगळ्यांत जास्त शाळा.”

“राहीच्या पोरापरीस जास्त?”

“दोन बोटं जास्त.”

बायडाबाईनं तिथल्या तिथं पोराच्या हातात पाटी दिली.

जूनचा पहिला आठवडा संपता संपता सहादेव गुरुजींनी पारावर बसून नावं वाचली. एकोणीस. आणि विसावी बानू. गुरुजींनी गनीभाईच्या पाठीवर थाप मारली. समोर कारभारी बसला होता. चड्डीच्या बाबतीत आपण हरलो, हे त्याला अजून पचलेलं नव्हतं.

“गनीभाई,” तो म्हणाला, “आमाला कापडाचा न्याय शिकीवलास. फाटंस्तवर शाळा. मग तुझ्या बानूचा परकर तर फाटून चाललाय. अंगाला बी येत न्हाई. तुझ्याच न्यायानं तिची शाळा संपली म्हनायची का?”

पार खो-खो हसला. गनीभाईही हसला, कारण हसण्याशिवाय करतो काय? पण गुरुजी हसले नाहीत. वीस म्हणजे वीस आणि तीही गणवेशात. बानू गळाली तर एकोणीस, आणि एकोणीस म्हणजे वर्ग नाही. वर्ग नाही म्हणजे बानूला काज-बटणं.

नवं कापड आणायचं कुठून? त्या साली जामखेडच्या दुकानात निळं कापड मिळालं असतं, पण गनीभाईच्या घरात मीठ विकत आणण्यापुरतेच पैसे शिल्लक होते. तो घरी आला आणि त्यानं पेटाऱ्यामागून एक गाठोडं ओढलं. गाठ सोडली. आत चिंध्या होत्या. वीतभर, दीड वीत, काही हातभर. खाकी, पांढऱ्या आणि निळ्या. तीन-चार वर्षांतल्या, सगळ्या गावच्या.

बोटभर चिंधी उरत नसे, ती अशी.

“ह्ये वाकळीसाठी ठिवल्यालं न्हवं?” त्याची बायको शहजादी म्हणाली.

गनीभाई निळे तुकडे वेगळे काढत होता.

शहजादीच्या लक्षात आलं. “अवो, ह्याचा परकर घालून पोरगी शाळंत गेली तर बायका तुकडा न् तुकडा वळखतील! तुमी गावात तोंड कसं दाखवनार?”

“तोंडाकडं कोन बघतंय? समद्या परकराकडंच बघतील,” गनीभाई म्हणाला आणि त्यानं बानूला हाक मारली. ती टेप घेऊन आली.

“टेप ठिव तिकडं,” तो म्हणाला. “पावलं दाव.”

शाळा उघडली त्या दिवशी दिपोटीसाहेब जीपमधून आले. गुरुजींच्या सांगण्यावरून आयाबायाही शाळेपुढं जमल्या होत्या. एकोणीस जण ओळीनं उभे होते. खाकी, निळं, पांढरं, सगळं अंगाबरोबर. जिथं फाटायला आलं होतं तिथं आधीच आतून ठिगळ, टीप अशी की शोधून सापडू नये. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

“एवढा दुष्काळ, आणि सगळ्यांना इतके मापाचे गणवेश?”

“सगळ्यांनी तीन वर्षं आधीपासून तयारी केली होती, साहेब,” गुरुजी म्हणाले. हे त्यांच्या नोकरीतलं सगळ्यात खरं वाक्य असावं.

“पण हे एकोणीसच.”

तेवढ्यात गनीभाईबरोबर बानू आली. कोपऱ्यावरून आधी परकर आला, मग बानू. आडव्या पट्ट्यांचा परकर. एक पट्टी आकाशी, एक निळी, एक गडद निळी, मग पुन्हा आकाशी. खाली दुमडीवर दुमड घालून तो इतका जड झाला होता, की ती दोन्ही हातांनी उचलून चालत होती.

साहेबांनी वाकून पाहिलं. “विसावी ही का? अहो, पण परकर केवढा हा! दुमड किती घातलीय?”

“सोळा बोटं, सायेब.”

“कशाला एवढी?”

“मॅट्रिकपत्तूरचं सोडलंय.”

“मॅट्रिक? गावात अजून पाचवी नाही.”

“म्हनून तर आलाय न्हवं तुमी,” गनीभाई म्हणाला.

साहेब काही बोलणार, एवढ्यात बायकांमधून भोंगा वाजला.

“आगं बया! ही पट्टी माझ्या विजीची हाय!” बायडाबाई पुढं आली आणि बानूचा परकर हातात धरून बघू लागली. विजी म्हणजे विजयमाला, तिची थोरली. “विजीच्या परकराचं कापड हाय ह्ये! म्या जामखेडहून आनल्यालं! बोटभर चिंधी उरली न्हाई म्हनला हुतास न्हवं?”

मग सगळ्याच वाकल्या. “ह्यो आकाशी माझा!” “ही गडद पट्टी आमची, काठावरनं वळखली!” राहीबाईला आपला तुकडा सापडेना, तेव्हा ती फारच रागावली. आपलं कापड चोरीला गेलं यापेक्षा ते परकरात लागलं नाही, हा अपमान तिला जास्त झोंबला. शेवटी खालच्या दुमडीत वीतभर सापडलं, तेव्हा कुठं तिचा जीव शांत झाला.

गनीभाई मान खाली घालून उभा होता. त्यानं ना शपथ घेतली, ना छातीवर हात ठेवला.

“आता काय म्हनतोस?” बायडाबाईनं विचारलं. “आता तुला तुजी लेक अब्बा म्हनंल का रं?”

“अब्बा,” बानू म्हणाली, “परकर जड हुतोय. मी रांगंत जाऊ का?”

“जा,” गनीभाई म्हणाला.

ती ओळीच्या शेवटी जाऊन उभी राहिली. वीस.

साहेब गोंधळून गुरुजींना विचारत होते, “या बाया काय म्हणताहेत?”

गुरुजींनी क्षणभर आभाळाकडं पाहिलं. “लोकसहभाग, साहेब,” ते म्हणाले. “मुलीच्या गणवेशात प्रत्येक घरचं कापड आहे.”

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं: ‘गरीब विद्यार्थिनीच्या गणवेशासाठी ग्रामस्थांनी स्वेच्छेने वस्त्रदान केले. दुष्काळातही शिक्षणाविषयीची आस्था अनुकरणीय. पाचवीच्या वर्गाची शिफारस करतो.’ शेरा अजून दप्तरात असेल. स्वेच्छेने या शब्दाखाली त्यांनी रेघही मारली होती.

पाचवीचा वर्ग आला. पण गनीभाईची अब्रू काही आली नाही. पुढं कितीतरी दिवस बायका त्याच्यासमोर बसून कापड कापून घ्यायच्या आणि कातरण मोजून पदरात बांधून न्यायच्या. त्याला चोर म्हणायला आता पुरावा होता आणि तो रोज दप्तर घेऊन सगळ्यांच्या दारावरून शाळेत जात होता. चड्ड्या मात्र फाटल्या नाहीत. फाटायच्या आधीच गनीभाई पोराला रस्त्यात अडवायचा, ओट्यावर पालथं पाडायचा आणि ठिगळ मारून सोडायचा. कारभारी दर महिन्याला गहिनीनाथाची चड्डी उजेडात धरून बघायचा आणि सुस्कारा टाकायचा.

वर्ष गेलं. बानू पाचवीतही पहिली आली. मे महिन्यात शहजादीचा भाऊ दिलावर खर्ड्याहून आला. त्याचा मुलगा तिथं सायकली दुरुस्त करायचा.

“पाचवी झाली, लई झाली,” दिलावर म्हणाला. “आता सोयरीक करून टाकू. पोरगी घरात कामाला लावा, दोन सालांनी निकाह.”

गनीभाईनं त्याच्यापुढं चहा सरकवला. मेव्हणा पाहुणा, माणूस भला, मुलगा कमावता. तो नाही म्हणेल असं काही दिसत नव्हतं. बानू दाराआड उभी होती. बातमी लिंबाखालून निघाली ती विहिरीवर गेली, आणि थोड्याच वेळात बायडाबाई ओट्यापुढं हजर झाली. तिच्यामागं राहीबाई, तिच्यामागं मालनबाई.

“गनीभाई, पोरीला शाळंतनं काढतोस म्हनं?”

“न्हाई... पावनं म्हनत्यात...”

“पावनं काय बी म्हनतील. सोळा बोटांतली किती सोडली?”

“दोन.”

“म्हंजी चौदा आत हायेत! माझी दीड वीत हाय त्यात. मॅट्रिकपत्तूरचं म्हनून लावलंस सायबाफुडं. आन आता पोरगी घरात बसीवनार, आन माझं कापड पेटाऱ्यात कुजनार? मला जमायचं न्हाई. काढायचीच असंल पोरगी, तर माझं कापड उसवून दे. आत्ता.”

“माझं बी,” राहीबाई म्हणाली. “खालच्या दुमडीतलं हाय, वळीव पडला तरी भिजल्यालं न्हाई. कोरं पायजे.”

दिलावर या बायकांकडं बघतच राहिला. शिक्षणासाठी कुणी असं भांडताना त्यानं पाहिलं नव्हतं. त्याला काय ठाऊक, शिक्षणासाठी कुणीच भांडत नव्हतं.

गनीभाईनं चष्म्याचा दोरा कानामागं सारखा केला.

“पावनं,” तो म्हणाला, “पोरगी माझी हाय, पर परकर गावाचा हाय. माझा इलाज चालत न्हाई.”

दिलावर चहा पिऊन खर्ड्याला परत गेला. बायकाही पांगल्या, जाताना बायडाबाई बजावून गेली की सहावीला दोनच बोटं सोडायची, उगाच उधळेपणा करायचा नाही. गनीभाईनं ब्लेड घेतलं, बानूला परकर आणायला सांगितला आणि दुमडीचे टाके उसवू लागला. वर वर्षभर धुऊन विटलेला निळा, आणि खाली दोन बोटं कोरा.

बानू शेजारी बसून बघत होती. “अब्बा, आता किती ऱ्हायली?”

गनीभाईनं उरलेल्या दुमडीवर बोटं ठेवली. एक हात ठेवला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

“हायेत,” तो म्हणाला. “अजून लई हायेत.”